म्हातारीचा डावा हात

९ ऑक्टोबर

मी मेले हे मला कळवायचं तरी होतंस.

सख्खी बहीण आहेस. दोन ओळी टाकल्या असत्यास तर त्या दिवशी मी जरा बऱ्या कपड्यांत तरी बसले असते. दारात तुझ्या अनुदानवाल्या बाई उभ्या. मोठा चष्मा, गळ्यात ओळखपत्र, मागे कॅमेरावाला. आणि मी डोक्याला कलप थापून, खांद्यावर फाटका टॉवेल टाकून. म्हणाल्या, "दिवंगत थोरल्या भगिनींचं घर हेच ना?" मला वाटलं, शेजारी जायचं ते चुकून इथे आल्या. मग त्यांनी हातातला कागद वाचला. तुझं नाव, आईचं नाव, आणि शेवटी माझं. माझ्या नावाच्या आधी दिवंगत.

"तुम्ही त्यांच्या कोण?" मला विचारलं.

दुसरी कोणी असती तर तिथेच बोंब ठोकली असती. पण मला खरा राग आला की मी आधी गप्प होते, हे तुला चांगलं ठाऊक आहे. मी म्हणाले, "मी कामवाली. या ना आत, दाखवते बाईंची खोली."

दाखवली. स्वतःची खाट, स्वतःची खुंटी, स्वतःचा आरसा. कॅमेरावाल्यानं माझ्या चपलांचा फोटो काढला, दोनदा, कारण पहिल्या वेळी त्याला उजेड बरोबर वाटला नाही. बाई माझ्या उशीकडे बघत अगदी हळू बोलत होत्या. मी म्हणाले, "धाकट्या बाईंनी आमच्या बाईंबद्दल काय लिहिलंय हो?" तर त्यांनी तुझा अर्जच वाचून दाखवला. शांत. सोशिक. सदैव हसतमुख. "सोशिक" कानावर पडलं आणि मोरीत दाढी करत असलेल्या तुझ्या भावजींना असा ठसका लागला की बाईंनी विचारलं, आत कोण आहे. मी म्हणाले, "साहेब. अजून सावरले नाहीत."

पुढचं ऐकून मात्र माझंच हसू गेलं. तू लिहिलंयस की म्हातारीची बाहुली चालवायला दोघी लागायच्या, एकीचा हात गेल्यावर म्हातारीची डावी बाही रिकामी राहिली, आणि ती रिकामी बाही हाच तुझा प्रयोग.

धाकटे, ती बाही का रिकामी आहे ते जगात दोघींनाच माहीत. आई गेली त्याच आठवड्यात तू पहाटे ट्रंक उघडलीस आणि म्हातारीला चादरीत गुंडाळून चालती झालीस. तुला वाटलं मी झोपलेय. मी जागी होते. आदल्या दुपारीच मी तिचा डावा हात खांद्यातून सोडवून माझ्या कपड्यांत ठेवला होता, पितळी खिळ्यासकट. आईनं बाहुली दोघींना मिळून दिली. मान आणि उजवा हात तुझा, डावा हात आणि पाय माझे. पाय तू नेलेस, हात मी ठेवला. मला वाटलं, काही दिवसांत तोंड पाडून येशील हात मागायला. मग मी दारात उभी राहून काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. भांडी घासताना म्हणून बघायचे.

आली नाहीस. मी तुला अडवायला काढलेल्या हाताच्या जागेवर तू सरकारी पैसा मिळवलास. वा गं.

मी नक्की कशानं मेले तेवढं कळव. लोक विचारतील, सांगायला काहीतरी हवं.

थोरली

१५ ऑक्टोबर

तुझा मेसेज मिळाला. "ताई समजून घे ना, नाइलाज होता." पुढे हात जोडल्याचं चित्र. चित्रात बरे दोन्ही हात सापडतात तुला.

भावजी म्हणतात, "फोन लाव आणि एकदाचं बोलून टाका." मी फोन करणार नाही. फोनवर तू रडतेस. लहानपणापासून रडणं तुझं फार छान, आई सुद्धा फसायची. कागदावर तुला रडून दाखवता येत नाही, म्हणून पत्र. अक्षर माझं चौथीतच राहिलंय. लावून वाच.

तुझा नाइलाज काय होता तो मी शोधून काढला. चष्मेवाल्या बाई जाताना माहितीपत्रक ठेवून गेल्या होत्या. ते घेऊन ढब्बीजवळ बसले. ढब्बी म्हणजे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतली माझी जोडीदारीण. प्रत्येक चादरीच्या त्या टोकाला ती आणि या टोकाला मी. ती दहावीपर्यंत गेलेली, त्यामुळे वाचायचं काम तिचं आणि चिडायचं माझं. तिनं बोट ठेवून वाचलं: कला दोघांची आणि अर्ज एकाचाच असेल तर दुसऱ्याची ना-हरकत चिठ्ठी जोडावी. दुसरा कलाकार हयात नसल्यास अर्जदाराने तसे लिहून द्यावे.

झालं. एक चिठ्ठी. ती तुला माझ्याकडे मागायची होती. मी तुला दारात ताटकळत ठेवलं असतं, चार शब्द सुनावले असते, शेजारपाजारच्यांनी ऐकले असते. तेवढं नको म्हणून तू मला मारून मोकळी झालीस.

ढब्बी म्हणाली, "रागावू नकोस, पण तुझ्याकडे चिठ्ठी मागायची तर मीसुद्धा दहादा विचार केला असता."

तिच्याशी दिवसभर बोलले नाही. चादरीच्या घड्या न बोलता घालता येतात.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला छापलंय की पुढच्या फेरीचे अर्ज सुरू आहेत, शेवटचा दिवस ७ नोव्हेंबर, शुक्रवार. मी अर्ज करतेय. हसलीस ना? हस.

म्हातारीचा हात माझ्याकडे आहे. बाकीची म्हातारी आम्ही बनवतोय, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलावर. बाद झालेल्या चादरी मुकादम फडकी करायला देतो. त्या पिळून गाठी मारल्या की धड होतं. डोकं उशीच्या अभ्र्याचं, आत कापूस. हात तेवढा आईनं कोरलेला, लाकडी, नखांसकट. दिसायला विचित्र दिसते. पण टेबलावर उभी केली की बायका तिच्याशी बोलायला लागतात. एकीनं तर तिला स्वतःच्या सासूचं गाऱ्हाणं सांगितलं.

आणि शिकतात किती पटकन! एकीनं बाहुलीची मान हलवली की दुसरीनं हात उचलायचा, तोंडातून शब्द न काढता, नुसत्या श्वासावर. ते शिकवायला आईनं आपल्याला किती बडवलं, आठव. यांना शिकवावं लागत नाही. ओली चादर झटकायची तर समोरचीचा श्वास बघावाच लागतो. एकीनं आधी झटका दिला की दुसरीचा खांदा गेलाच.

अर्जात एक प्रश्न आहे: या प्रकल्पामुळे समाजात कोणता बदल अपेक्षित आहे? ढब्बी म्हणाली, "लिही, मुकादम माणसात येईल." मी लिहिलं, माझी बहीण जळेल. ते ढब्बीनं खोडलं आणि लिहिलं, बायकांना जेवणाच्या सुट्टीत डब्याशिवाय दुसरं काहीतरी मिळेल. ते राहू दिलं. खरं तर पहिलंच जास्त खरं होतं.

तुला मागायला लाज वाटली. मला बघ, मी खिडकीवर जाऊन मागणार आहे.

थोरली

२४ ऑक्टोबर

काल कचेरीत गेले होते. मुकादमाकडून अर्धा दिवस मागून घेतला, ढब्बीचाही. खिडकीवरच्या माणसानं माझं नाव टाइप केलं, पत्ता टाइप केला, मग पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"मावशी, या तर वारल्यात."

मी म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून कामावर जायला नको."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटंपालटं केलं. म्हणाला, "तुम्ही जिवंत आहात ते मला दिसतंय हो. पण फायलीला दिसत नाही."

तेवढ्यात आतून चष्मेवाल्या बाई आल्या. मला बघितलं आणि तोंडभर हसल्या. "अरे, तुम्ही त्या कामवाल्या ना!" मग त्यांची नजर ओळखपत्रावर गेली आणि हसू उतरलं. "बाईंचं कार्ड तुमच्याकडे कसं?" मी म्हणाले, मीच ती बाई. त्यांनी कार्डावरचा फोटो बघितला. पांढऱ्या केसांचा. मग माझं डोकं बघितलं. कुळकुळीत काळं. बाजूला ढब्बी तोंडात पदर कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी. मला वाटलं आता पोलीस येतात.

भावजी म्हणतात, कामवाली म्हणून सांगायला नको होतंस. मी म्हणते, मेलेल्या बाईनं दारात आलेल्यांना दुसरं काय सांगायचं असतं? हे सगळं तुझ्यामुळे.

शेवटी त्यांनी आत नेऊन बसवलं, चहा दिला. मी आईचं सांगितलं, तुझं सांगितलं, ट्रंकेचं सांगितलं. हाताबद्दल नाही सांगितलं. तो आपल्या घरातला विषय. बाईंचा चेहरा पांढरा पडला, कारण माझ्या चपलांचा फोटो त्यांनी त्यांच्या अहवालावर पहिल्याच पानावर लावलाय. म्हणाल्या, मार्ग दोन. मी लेखी तक्रार दिली तर लगेच चौकशी लागेल. तुझी फाइल थांबेल, समितीपुढचा तुझा शेवटचा प्रयोग थांबेल. पण मग माझं नाव ज्या ज्या फायलीत आहे ती प्रत्येक फाइल थांबेल, म्हणजे आमची पण. चौकशी संपेपर्यंत शेवटची तारीख कधीच उलटून गेलेली असेल. दुसरा मार्ग, तू स्वतः येऊन लिहिलेलं दुरुस्त करायचं आणि माझी ना-हरकत जोडायची. मग त्याच दिवशी आमचा अर्ज घेतील.

त्यांनी तक्रारीचा कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी पेन उचललं. एवढं हलकं पेन होतं धाकटे, काय सांगू. मग ढब्बीकडे बघितलं. ती कपाच्या कानाला धरून बसली होती, आणि गेले आठ दिवस खपून तिनं घरच्या मशीनवर आमच्या म्हातारीचा परकर शिवलाय, घडीच्या चुण्यांचा.

पेन ठेवलं. तुझी दया आली म्हणून नाही. तुला बुडवायला मी एका पायावर तयार आहे, पण माझ्या बायकांना बरोबर घेऊन नाही.

बाई म्हणाल्या, "सात तारखेपर्यंत तुम्ही मला भेटलाच नाहीत असं समजते." म्हणजे आता त्यांच्या लेखीही मी नाही.

तू ये आणि दुरुस्त कर. एवढं सरळ काम आहे.

थोरली

३० ऑक्टोबर

उत्तर नाही. त्याऐवजी तुझ्या प्रयोगाची तिकिटं. दोन, पहिल्या रांगेतली. मेलेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला. त्यात चिठ्ठी, "ताई एकदा बघ, मग बोल."

तिकिटं मी मुकादमाला आणि त्याच्या बायकोला दिली. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी नीट बोलला. मी आणि ढब्बी मागच्या दारानं गेलो. दिव्यावाला अजून तोच आहे ना, आईच्या वेळचा. मला बघून त्याच्या हातातला चहा सांडला. "ताई, तुम्ही?" मी म्हणाले, "हो. सुट्टीवर आलेय." बिचाऱ्यानं बसायला त्याची स्वतःची खुर्ची दिली आणि नंतर सारखा वळून बघत होता.

बघितलं तुझं. सांगते.

म्हातारीला नवीन लुगडं नेसवलंयस, ते चांगलं आहे. मानेचं काम तुझं पहिल्यापासून चांगलं, ते मी कधी नाकारलं नाही. तिनं पहिल्यांदा मान वर करून बघितलं तेव्हा ढब्बीनं माझं मनगट धरलं. पण पाय ओढतात. पाय माझे होते, ते तुला जमणार नाहीत, तू एकटी कुठे कुठे पुरणार.

मग सुई ओवण्याचा प्रवेश. आईच्या वेळी त्यावर लोक टाळ्या वाजवायचे. उजव्या हातात सुई, डाव्या हातात दोरा, दोघी दोन बाजूंना काळ्या कपड्यांत, आणि एका श्वासात दोरा नेढ्यातून पार. आता म्हातारी नुसती सुई धरून बसते. दोरा मांडीवर पडलेला. बाही लटकलेली. ती बाहीकडे बघते. दोऱ्याकडे बघते. सगळं थिएटर मुसमुसत होतं. मुकादमसुद्धा. ढब्बी तर धाय मोकलून. मी नाही. माझ्या डोळ्यांत तो स्टेजवरचा धूर गेला.

आणि तेव्हा तू नाकानं श्वास ओढलास.

सूं. छोटासा. डाव्या हाताला उठवायचा. आपल्या दोघींचा. लोकांना ऐकू गेला नसेल, किंवा वाटलं असेल सर्दी झालीय. मी अंधारात बसलेली आणि माझा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला. वर, पुढे, दोन बोटं जुळलेली, मध्ये दोरा धरल्यासारखी. ढब्बीनं बघितलं. तिनं नुसता माझा हात धरून खाली ठेवला, पोराचा ठेवावा तसा.

तिथे कोणी नाही हे तुला माहीत आहे. सगळ्या जगाला तूच लिहून दिलंयस. मग श्वास कोणाला ओढतेस? रोज ओढतेस का? की त्या रात्री मी आहे हे तुला कळलं होतं?

प्रयोग संपल्यावर एका बाईनं तुला मिठी मारली आणि म्हणाली, "तुमची ताई वरून बघत असेल." मी खरंच वरून बघत होते. दिव्याच्या माळ्यावरून, तुमच्या अगदी डोक्यावर. तू म्हणालीस, "हो." मान खाली घालून, हळू आवाजात, "हो."

त्या एका "हो" साठी मी तुला सोडणार नाही. अर्जातलं खोटं मी एक वेळ गिळलं असतं. कागदावर माणूस काहीही लिहितो, मीही लिहिलं होतं बहीण जळेल. पण तोंडानं म्हणालीस.

थोरली

४ नोव्हेंबर

भावजी सांगतात की तू परवा त्यांना फोन केलास आणि विचारलंस, "ताई फार चिडलीय का?" त्यांनी सांगितलं, "नेहमीएवढीच." ते चुकीचं सांगितलं त्यांनी.

तू त्यांना असंही म्हणालीस की आता कचेरीत जाऊन दुरुस्त केलं तर सगळ्यांसमोर छी थू होईल, शनिवारी समितीपुढे प्रयोग आहे, तो होऊन जाऊ दे, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते मला ट्रंकेच्या दिवसापासून कळतं. शुक्रवार गेला की आमचा अर्ज गेला. इथे सहा बायका रोज डबा अर्धा टाकून टेबलाजवळ येतात. त्यातल्या सर्वांत वयस्कर बाईनं, जी जन्मात कधी नाटकाला गेली नाही, काल आमच्या बाहुलीचा पाय असा टाकला की मला आईच दिसली. त्यांना मी काय सांगू? की माझ्या बहिणीला लाज वाटते, म्हणून तुम्ही थांबा?

आता नीट वाच. हे शेवटचं पत्र.

चिठ्ठी मी लिहून ठेवलीय. ढब्बीनं शुद्ध करून दिली, खाली सही माझी. तुझ्या प्रयोगाला माझी हरकत नाही, असं त्यात आहे. हरकत आहे, पण तसं लिहिलंय. ती माझ्या ब्लाउजात आहे. पोस्टानं येणार नाही. भावजींच्या हातीही येणार नाही. तू लॉन्ड्रीच्या मागच्या फाटकाशी यायचंस, जेवणाच्या सुट्टीत, आणि सगळ्या बायकांसमोर तोंड उघडून मागायचीस. "ताई, मला चिठ्ठी दे." एवढंच. रडायचं नाही. रडलीस तर परत पहिल्यापासून. मागितल्यावर मी लगेच देईन की तुला थोडं उभं ठेवीन, ते आत्ता सांगणार नाही. मी इतक्या वर्षांचं बोलायचं जमवलंय, त्यातलं थोडं तरी वापरेन. मग दोघी कचेरीत जाऊ आणि तू तुझ्या हातानं मला जिवंत करशील.

नाही आलीस तर शुक्रवारी कचेरीची खिडकी बंद होईल, आमचा अर्ज मरेल, आणि मग मला कोणासाठीच हात आखडता घ्यायचं कारण उरणार नाही. तक्रार मी तेव्हाही लिहिणार नाही. तक्रार फार सोपी आहे.

शनिवारी मी येईन. दिव्यावाल्याशी बोलणं झालंय, मागचं दार उघडं असेल. आईचे काळे कपडे मी उसवून मोठे केलेत, अंगाला बसतात. मोजे पण आहेत. आपला लाकडी हात आमच्या बाहुलीच्या खांद्यातून काढीन, पितळी खिळ्यासकट. समिती पुढे बसलेली असेल, चष्मेवाल्या बाई मध्ये. सुई ओवण्याचा प्रवेश येईल. म्हातारी बाहीकडे बघेल. लोक रुमाल काढतील. आणि तू श्वास ओढशील, कारण तुला तो ओढल्याशिवाय राहवत नाही, ते मी बघितलंय.

तुझ्या डाव्या बाजूला, माझ्या जागेवर, मी असेन. बाहीतून हात बाहेर येईल. सुई तुझ्याकडे, दोरा माझ्याकडे. तेव्हा बाहुलीच्या मागे तुला बोलताही येणार नाही, आईचा नियम आहे. दोरा ओवून झाल्यावर दिवे लागतील, आणि मग तू समितीला सांग कोण मेलंय ते.

यातलं तुला काय हवंय ते तू ठरव. फाटकाशी यायचंस की मी यायचं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला उत्तर हवं. मेसेज नको, हात जोडल्याचं चित्र नको, भावजींना फोन नको. तू स्वतः, फाटकाशी, शुक्रवारी.

तुझी जिवंत,
थोरली